मतदान यंत्र, पीक पाहणी आणि यूएक्सची पदवी

मतदान केंद्रावर एकदा तरी जाऊन आलेल्या प्रत्येकाने मुंबईच्या एका डिझाइन शाळेतलं काम हाताळलेलं असतं. बहुतेकांना ते ठाऊक नसतं, इतकंच. इलेक्ट्रॉनिक मतदान यंत्र भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या दोन सरकारी कंपन्या बनवतात; पण त्या यंत्राचं औद्योगिक डिझाइन केलं ते पवईच्या आयआयटीतल्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरच्या प्राध्यापकांनी. ए. जी. राव आणि रवी पूवय्या ही त्यांची नावं. बारावीनंतर ‘मी यूएक्स डिझाइन शिकणार’ असं जाहीर करून घरात शांतता पसरवणाऱ्या मुलामुलींनी आईवडिलांना आधी या यंत्राची आठवण करून द्यावी. पुढचं बोलणं सोपं जातं.

या यंत्रापुढची अडचण किती चमत्कारिक आहे बघा. वापरणाऱ्यांत वाईचा वकील आहे आणि अंगठा उठवणारी आजीही. दोन मतदानांच्या मध्ये वर्षंच्या वर्षं जातात, त्यामुळे सरावाने हात बसायची सोय नाही. आत एकट्याने जायचं, कुणाला विचारायचं नाही, मागे रांग उभी, आणि बटण एकदाच दाबायचं. चुकलं तर परत नाही. साधारण वस्तू बनवणाऱ्याला यातली एक अट आली तरी घाम फुटेल. इथे सगळ्या एकदम आहेत. उत्तर मात्र अगदी साधं निघालं: नाव, चिन्ह, छोटा दिवा आणि निळं बटण एका ओळीत. बोट चिन्हावरून सरळ उजवीकडे सरकवलं की बटणावरच जातं. दाबलं की त्याच ओळीतला लाल दिवा लागतो आणि लांब बीप वाजते. दिवा मतदारासाठी. बीप खोलीतल्या सगळ्यांसाठी, म्हणजे मतदान अधिकारी, पक्षांचे प्रतिनिधी आणि रांगेतला पुढचा माणूस यांच्यासाठी. मत कुणाला गेलं ते कुणालाच कळत नाही, पण गेलं हे सगळ्यांना कळतं. एका युनिटवर सोळा बटणं. उमेदवार कमी असतील तर उरलेली झाकून टाकतात. बटणांशेजारी ब्रेलमध्ये आकडे. यंत्र बॅटरीवर चालतं, म्हणून मतदानाच्या दिवशी लाइट गेली तरी अडत नाही.

चिन्हांचा विचार त्याहून जुना. 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवली होती आणि पेटीवर त्याचं चिन्ह चिकटवलं होतं. वाचता न येणाऱ्या मतदाराला गृहीत धरूनच व्यवस्था उभी केली होती. त्याला आधी साक्षर करू, मग मताचा हक्क देऊ, असं कुणी म्हटलं नाही. डिझाइनच्या भाषेत बोलायचं तर देशाने वापरणाऱ्याला बदलण्याऐवजी वस्तू बदलली. यूएक्सच्या अभ्यासाचा गाभा हाच आहे, आणि तो अंगी बाणवायला चार वर्षं लागतात असं माझं मत आहे.

कारण आपली सवय नेमकी उलटी. एटीएममध्ये कार्ड अडकलं, अर्जावर ‘चुकीची माहिती’ असा लाल शेरा आला, ॲप उघडून आजोबा गोंधळले, की पहिलं वाक्य ठरलेलं: ‘मला यातलं काही कळत नाही बाबा.’ माणूस स्वतःलाच बोल लावतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॉन नॉर्मन यांनी 1988 मध्ये रोजच्या वापरातल्या वस्तूंवर पुस्तक लिहिलं ते या सवयीवरच बोट ठेवून. दार ढकलायचं की ओढायचं हे कळलं नाही तर तो दाराचा दोष. त्यावर ‘ढकला’ अशी पाटी लावावी लागली म्हणजे दार बनवणारा नापास. 1993 साली नॉर्मन ॲपल कंपनीत गेले आणि त्यांनी आपल्या पदाच्या नावातच ‘युजर एक्स्पीरियन्स’ हे शब्द घातले. तिथून हे शब्द जगभर गेले. यूएक्स हे त्यांचंच लघुरूप. वस्तू हातात येण्याआधीपासून ती बाजूला ठेवेपर्यंत माणसाला जे दिसतं, समजतं, अडतं आणि वाटतं, त्या सगळ्याचा यात विचार होतो. पडद्यावरची रंगरंगोटी हा त्यातला एक तुकडा, आणि फारसा मोठाही नाही.

महाराष्ट्रात हा विषय नवा आहे अशी समजूत पसरली आहे ती नावाच्या नवेपणामुळे. पवईचं इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर, आजचं आयडीसी स्कूल ऑफ डिझाइन, 1969 मध्ये सुरू झालं. त्याचा पाया घातला सुधाकर नाडकर्णी यांनी. ते मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकले होते आणि पुढे जर्मनीतल्या उल्मच्या गाजलेल्या डिझाइन शाळेतही. तंत्रज्ञानाच्या संस्थेत डिझाइन शिकवायचं, हा प्रयोग त्या काळी धाडसाचाच होता. विंडोजवर मराठी लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांखालून वर्षानुवर्षं गेलेला मंगल हा फाँट ज्यांचा, ते र. कृ. जोशी इथेच शिकवत. रुपयाचं ₹ हे चिन्ह 2010 मध्ये सरकारने स्वीकारलं. ते काढणारे उदय कुमार आयडीसीतच पीएचडीचं काम करत होते.

यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट मात्र एक कीबोर्ड आहे. अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयडीसीत केलेला ‘स्वरचक्र’. 2013 मध्ये तो अँड्रॉइड फोनसाठी आला. तेव्हा मोबाइलवर मराठी लिहायचं म्हणजे बहुतेक लोक रोमन अक्षरांत ‘kasa ahes’ लिहून मोकळे होत.

देवनागरीची गंमत अशी की ‘वि’ लिहिताना वेलांटी दिसते ‘व’च्या आधी आणि उच्चारली जाते नंतर. मग टंकताना ती आधी द्यायची की नंतर? जुन्या टाइपरायटरवर हात बसलेला माणूस आधी दाबणार. सरकारी इनस्क्रिप्ट मांडणीत ती अक्षरानंतर दाबावी लागते. नवख्याला दोन्ही शिकावं लागतं, आणि शिवाय काना, मात्रा, वेलांटी, उकार या सुट्या तुकड्यांच्या कळा कीबोर्डभर शोधाव्या लागतात. शाळेत कुणी आपल्याला सुटी वेलांटी शिकवलेली नसते. आपण शिकतो बाराखडी: व, वा, वि, वी, वु, वू. स्वरचक्राने नेमकं हेच उचललं. व्यंजनं वर्णमालेच्या क्रमाने, क-वर्ग, च-वर्ग अशा ओळींत मांडली. ‘व’वर बोट ठेवलं की त्याच्याभोवती चक्र उघडतं आणि त्यात वा, वि, वी, वे, वो ही तयार अक्षरं दिसतात. बोट हव्या त्या अक्षराकडे सरकवायचं आणि उचलायचं. जोडाक्षरालाही वाट आहे: चक्रात पाय मोडलेलं अक्षर निवडलं की पुढच्या व्यंजनांची जोडलेली रूपं समोर येतात. वेलांटी आधी की नंतर, हा प्रश्नच उरत नाही.

आज बोलून लिहिण्याची सोय झाली आहे, रोमनमधून मराठी उमटवणारे कीबोर्ड सर्रास वापरले जातात, स्वरचक्र किती जणांच्या फोनवर असेल हा भाग निराळा. पण यूएक्सचा विद्यार्थी काय करतो हे एका उदाहरणात दाखवायचं तर मी हेच देईन. अडचण तंत्रात नव्हती. ‘लोक मराठी टाइप करत नाहीत’ या तक्रारीचं उत्तर लोकांच्या आळसात किंवा भाषाप्रेमाच्या अभावात शोधणं सोपं होतं. कुणीतरी ते बाराखडीच्या तक्त्यात शोधलं.

आता अभ्यासाकडे येऊ. पदवीच्या पहिल्या वर्षी संगणक फारसा उघडला जात नाही, याचा बऱ्याच मुलांना धक्का बसतो. चित्रकला, आकार, रंग, अक्षररचना, कागद-लाकूड-माती हाताळणं, असा पायाभूत अभ्यास असतो. गावाकडून आलेल्या, ‘माझं ड्रॉइंग कच्चं आहे’ म्हणून धास्तावलेल्या मुलांना एक सांगायला हवं: इथलं ड्रॉइंग एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या स्थिरचित्रासारखं नसतं. डोक्यातली कल्पना दुसऱ्याला अर्ध्या मिनिटात कळेल इतकं काढता आलं तर पुष्कळ झालं. उदय आठवणकर हे आयडीसीतलेच एक प्राध्यापक. डोळे बांधलेले डिझाइनर मनातल्या मनात वस्तू कशी घडवतात यावर त्यांनी संशोधन केलं आहे. म्हणजे हाताआधी डोकं चित्र काढतं, याला पुरावा आहे.

दुसऱ्या वर्षापासून खरा विषय सुरू होतो, आणि त्यातला सर्वांत अवघड भाग म्हणजे बघायला शिकणं. ऐकायला सोपं वाटतं. पण पहिल्यांदा मुलाखत घ्यायला गेलेला प्रत्येक विद्यार्थी तोच प्रश्न विचारतो: ‘असं ॲप केलं तर तुम्ही वापराल का?’ समोरचा माणूस सभ्य असतो, तो म्हणतो ‘हो, नक्की’. विद्यार्थी खूश. उत्तराची किंमत शून्य. मास्तर त्याला परत पाठवतात आणि सांगतात, भविष्याबद्दल विचारू नकोस. मागच्या वेळी काय केलंस ते विचार, आणि शक्य असेल तर तो करत असताना शेजारी उभा राहा. तोंडाने सांगितलेलं आणि हाताने केलेलं यात जे अंतर असतं, तो या विषयाचा कच्चा माल.

इथे महाबळेश्वर तालुक्यातल्या मुलांनी कान टवकारावेत. मुंबई-पुण्यापासून लांब आहोत म्हणून या क्षेत्रात मागे पडू, असं त्यांना वाटतं. मला तर ही जागा अशा अभ्यासाची तयार प्रयोगशाळाच वाटते. एकाच रस्त्यावर स्ट्रॉबेरी पिकवणारा शेतकरी, घोडेवाला, गुजरात-मुंबईकडचे पर्यटक, पाचगणीच्या निवासी शाळांतली देशोदेशीची मुलं आणि देवदर्शनाला आलेली म्हातारी माणसं भेटतात. सगळ्यांच्या हातात फोन. प्रत्येकाचं त्याच्याशी नातं वेगळं.

एक उदाहरण घेऊ. राज्यात 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. आपल्या शेतात कोणतं पीक आहे याची नोंद पूर्वी तलाठी करत. आता शेतकरी स्वतः मोबाइलवरून करतो आणि ती सातबाऱ्यावर, म्हणजे गाव नमुना बारामध्ये, चढते. कल्पना चांगलीच आहे. आपल्या पिकाची नोंद आपल्या हातात. आता समजा, यूएक्सच्या विद्यार्थिनीला सांगितलं की भिलार, भोसे, मेटगुताड, गुरेघर या गावांत जा आणि लोक हे ॲप कसं वापरतात ते बघ.

ती पहिल्यांदा कामाचे तुकडे पाडेल. गाव निवडणं, खातं शोधणं, गट क्रमांक, हंगाम, पिकाचा प्रकार, सिंचनाचं साधन, लागवडीची तारीख, मग पिकाचा फोटो. याला टास्क ॲनालिसिस म्हणतात. प्रत्येक तुकड्यापुढे ती प्रश्न लिहील. सातबाऱ्यावर नाव आजोबांचं, फोन नातवाचा, कसतो काका: मग खातेदार म्हणून कुणाला शोधायचं? सामाईक खात्यात चार भावांची नावं असतील तर एकाने भरलेलं दुसऱ्याला दिसतं का? स्ट्रॉबेरीची लावण होते सप्टेंबर-ऑक्टोबरात, पावसाच्या शेपटीला, आणि फळ निघतं नोव्हेंबरअखेरपासून उन्हाळ्यापर्यंत. शेतकऱ्याच्या डोक्यात हा ‘स्ट्रॉबेरीचा सीझन’ आहे. पडदा विचारतो खरीप की रब्बी. उतारावरच्या वावरात नेटवर्क नसेल तर भरलेली माहिती फोनमध्ये थांबते का? आणि थांबली आहे, हरवली नाही, हे शेतकऱ्याला कळतं का? भर उन्हात पडदा दिसतो का?

अशा प्रश्नांना उत्तरं मिळू शकतात, हेही याच ॲपने दाखवलं. नंतरच्या आवृत्तीत, चुकलेली नोंद 48 तासांच्या आत एकदा स्वतः दुरुस्त करण्याची मुभा आली, आणि फोटो काढताना आपण गटापासून किती लांब उभे आहोत हे दाखवण्याची सोयही. चूक सुधारता येणं ही माणसाला धीर देणारी गोष्ट असते. डॅनिश तज्ज्ञ जेकब नीलसन यांनी 1994 मध्ये चांगल्या पडद्याचे जे दहा निकष मांडले त्यातला एक हाच आहे: माघार घ्यायला वाट ठेवा. दुसरा निकष, काय चाललं आहे ते वेळोवेळी सांगत राहा. मतदान यंत्राची बीप आठवा. तिसरा, वापरणाऱ्याची भाषा बोला, खात्याची नको. हे दहा निकष यूएक्सच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तोंडपाठ असतात, पण त्यांचा अर्थ वावरात उभं राहिल्यावर लागतो.

पावसाचंच घ्या. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. फोनचा पडदा बोटाचा स्पर्श ओळखतो तो दाबाने नव्हे, विजेच्या भारात होणाऱ्या सूक्ष्म बदलाने. पाणीही वीजवाहक असल्यामुळे ओल्या काचेवर त्याला बोट कुठलं आणि थेंब कुठला हे नीट कळत नाही. वेण्णा तलावाकाठी जुलैत उभं राहून कुणी पैसे देण्याचा प्रयत्न करावा म्हणजे समजेल. वातानुकूलित खोलीत तपासलेल्या ॲपला ही परीक्षा कुणी घेतलेलीच नसते. बटण मोठं ठेवणं, दोन बटणांत अंतर राखणं, कमीत कमी वेळा स्पर्श करावा लागणं, हे उपाय. त्यामागे शास्त्र आहे: पॉल फिट्स यांनी 1954 मध्येच दाखवून दिलं होतं की लक्ष्य जितकं लहान आणि लांब, तितका तिथे अचूक पोचायला वेळ जास्त. सत्तर वर्षांपूर्वीचा हा नियम आजही शिकवतात, आणि आजही कितीतरी संकेतस्थळं तो मोडतात.

यूएक्स पडद्यापुरतं नसतं, याचा दाखला हवा असेल तर भिलारला जा. 4 मे 2017 रोजी राज्य सरकारने या गावाला ‘पुस्तकांचं गाव’ केलं. कल्पना वेल्समधल्या हे-ऑन-वाय गावावरून सुचलेली. पण तिथे दुकानं आहेत, इथे लोकांची घरं. सुरुवातीला पंचवीस ठिकाणी पुस्तकं मांडली: कुठे कादंबरी, कुठे कविता, कुठे संतसाहित्य, कुठे बालसाहित्य. आता परक्या माणसापुढचा पेच बघा. अनोळखी घराच्या ओसरीवर चढायचं कसं? विचारायचं का? पुस्तक नुसतं चाळलं तर चालेल? घरातली माणसं जेवत असतील तर? या संकोचावर पुस्तकांच्या संख्येचा काही उपाय नाही. भिलारमध्ये चित्रकारांनी घरांच्या भिंती त्या-त्या साहित्यप्रकाराला साजेशा रंगवल्या, पाट्या लावल्या, बसायला जागा केल्या. रंगवलेली भिंत लांबूनच सांगते की हे घर तुमच्यासाठीही आहे. ‘इथे काय करता येईल’ हे वस्तूने न बोलता सांगणं, यावर नॉर्मन यांच्या पुस्तकात बरीच पानं खर्ची पडली आहेत. भिलारची एक गल्ली फिरलं की ती पानं समजतात. विद्यार्थ्याला मी पुढचा गृहपाठही देईन: भिंत रंगवून पावसाळे गेले की रंग उडतो, मग निमंत्रण फिकं होतं का, ते जाऊन बघ.

माहिती गोळा झाल्यावर वर्गात जे घडतं ते बाहेरच्याला पोरखेळ वाटेल. शेकडो चिकट चिठ्ठ्यांवर एकेक निरीक्षण लिहून भिंतीवर लावतात, सारखी वाटणारी एकत्र आणतात, परत मोडतात, परत लावतात. हे दिवसचे दिवस चालतं. मग कागदावर पडदे काढायचे. खऱ्याखुऱ्या कागदावर, पेन्सिलीने. एक जण शेतकऱ्याची भूमिका घेऊन कागदावरचं ‘बटण’ दाबतो, दुसरा त्यासरशी पुढचा कागद समोर सरकवतो. दहा मिनिटांत काढलेला कागद फाडून टाकायला जीव तुटत नाही. महिनाभर खपून केलेलं ॲप टाकवत नाही. पहिले आराखडे कागदावर करायचं कारण एवढंच.

चाचणीचंही तसंच. नीलसन यांचं म्हणणं प्रसिद्ध आहे: पाच माणसांना वापरायला दिलं की बहुतेक मोठ्या अडचणी उघड्या पडतात. ते स्वस्तात काम करणाऱ्यांना फार आवडलं. पण त्यातली अट लोक विसरतात. ती पाच माणसं एकाच प्रकारची असली पाहिजेत. महाबळेश्वरच्या बाजारपेठेत पर्यटक, दुकानदार आणि शेतकरी हे तीन वेगळे गट असतील तर तिन्ही गट वेगवेगळे तपासावे लागतात. चाचणी घेताना विद्यार्थ्याने करायचं सर्वांत कठीण काम म्हणजे गप्प बसणं. समोरचा भलतंच बटण शोधत असतो, आपल्याला बरोबर बटण माहीत असतं, आणि सांगायचं नसतं. याची सवय व्हायला पहिले काही महिने जातात. काहींना ती कधीच होत नाही. ती मंडळी पुढे व्यवस्थापक होतात, असा या धंद्यातला एक विनोद.

सत्राच्या शेवटी ज्युरी असते. आठवड्यांचं काम भिंतीवर टांगायचं आणि प्राध्यापक, बाहेरून आलेले व्यावसायिक, कधीकधी वर्गमित्रही, त्याची चिरफाड करतात. ‘हे कुणासाठी?’, ‘तुला कसं कळलं?’ हे दोन प्रश्न हमखास. दुसऱ्या प्रश्नावर बरेच जण गारद होतात. बारावीपर्यंत एकच बरोबर उत्तर शोधायची सवय लागलेल्या आपल्या मुलांना हा प्रकार जड जातो. पाठांतराने इथे काही निभत नाही.

गेल्या काही वर्षांत अभ्यासात नीतीचाही भाग आला आहे, आणि तो वेळेवर आला. माणूस कुठे अडतो हे ज्याला कळतं, त्याला माणसाला मुद्दाम अडकवताही येतं. दिवाळीच्या सुट्टीसाठी महाबळेश्वरची खोली नेटवर बघताना ‘फक्त 1 खोली शिल्लक’ असा लाल इशारा येतो, बिलात न मागितलेला विमा आधीच टिचकी मारून जोडलेला असतो, आणि एका भावाने सुरू झालेली खोली शेवटच्या पडद्यावर निराळ्या भावाला पडते. हे अपघाताने होत नाही, कुणीतरी बसून डिझाइन केलेलं असतं. हॅरी ब्रिग्नल या ब्रिटिश डिझाइनरने 2010 मध्ये अशा युक्त्यांना ‘डार्क पॅटर्न’ हे नाव दिलं. आपल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी त्याविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि असे तेरा प्रकार नावानिशी नोंदले. खोटी घाई, गुपचूप टोपलीत टाकलेली वस्तू, टप्प्याटप्प्याने उघड होणारी किंमत हे तिन्ही त्यात आहेत. नोकरीत अशी मागणी वरून आली तर नाही कसं म्हणायचं, हे मात्र कुठल्याच अभ्यासक्रमात धड शिकवत नाहीत.

शिकायचं कुठे? आयडीसीत पदव्युत्तर पातळीवर इंटरॅक्शन डिझाइन हा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे, बी. डेस. ही पदवी तिथे 2015 पासून सुरू झाली. पुण्यात सिम्बायोसिसच्या डिझाइन संस्थेत आणि लोणी काळभोरच्या एमआयटीच्या डिझाइन संस्थेत पदवीला हा विषय घेता येतो. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था 1961 पासूनची, तिच्या बेंगळुरू शाखेतही या विषयाशी निगडित पदव्युत्तर अभ्यास चालतो. संगणक अभियांत्रिकीला असलेल्यांना ‘ह्यूमन कॉम्प्युटर इंटरॅक्शन’ हा विषय अनेक ठिकाणी ऐच्छिक म्हणून मिळतो. त्यातून गोडी लागून पुढे एम. डेस. ला गेलेले पुष्कळ आहेत. मानसशास्त्र, वास्तुकला, उपयोजित कला अशा वाटांनीही लोक येतात. खासगी संस्थांची फी भरभक्कम असते. कर्ज काढण्याआधी तिथल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांचं काम प्रत्यक्ष बघून यावं. सुंदर पडदेच पडदे दिसले आणि एकाही माणसाचं निरीक्षण दिसलं नाही, तर परत फिरावं.

तीन महिन्यांत यूएक्स शिकवणाऱ्या क्लासांबद्दल मला राग नाही, पण ते शिकवतात ते सॉफ्टवेअर. फिग्मासारखं साधन हुशार मुलगा दोन आठवड्यांत स्वतः शिकतो. आता तर वाक्यात मागणी लिहिली की कृत्रिम बुद्धिमत्ता पडदे काढून देते, आणि ते दिसायला वाईट नसतात. निव्वळ पडदे रंगवण्यावर पोट भरणाऱ्यांना म्हणूनच धोका आहे. भोसे गावातल्या चार भावांच्या सामाईक खात्याची अडचण त्या यंत्राला कुणीतरी जाऊन बघून सांगावी लागते. नोकऱ्यांच्या बाजारात चढउतार होतील. मोठ्या पगाराच्या जाहिराती वाचून या विषयाला येऊ नये. ज्याला दुसऱ्याच्या फजितीवर हसू येण्याऐवजी ‘हे असं का झालं असेल’ असा प्रश्न पडतो, त्याने जरूर यावं.

अशा मुलामुलींसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी शेवटची, कामाची माहिती. आयआयटींच्या बी. डेस. साठी यूसीड ही परीक्षा आयआयटी मुंबई घेते. विज्ञान, वाणिज्य, कला, बारावीची कुठलीही शाखा या परीक्षेला चालते. सलग दोन वर्षं, दोनच वेळा बसता येतं. पेपरात एक भाग चित्राचा असतो, बाकी निरीक्षण, तर्क आणि आकारांची समज. पदवीनंतर एम. डेस. साठी सीड ही परीक्षा असते. दोन्हींच्या मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका त्यांच्या संकेतस्थळांवर फुकट आहेत, आणि ‘डी-सोर्स’ या आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या संकेतस्थळावर डिझाइनचे धडेही. क्लासची फी भरण्याआधी तेवढं चाळावं. अर्ज साधारण ऑक्टोबरात निघतात, परीक्षा जानेवारीत होते.